मनुबाईचा जड इन्व्हर्टर

मला माणसांचा वीट आलाय, हे आधीच सांगून टाकतो. पुढं कुणी म्हणायला नको की लालासाहेब फार कडू बोलतो. कडूच बोलतो. बावीस वर्षं फौजेत जनरेटर आणि गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेली, आणि त्यानंतरची वीस विट्यात मोटार रिवायंडिंगच्या दुकानात. जळकी मोटार उघडली की जो वास सुटतो, त्या वासात माझं निम्मं आयुष्य गेलं. तो वास मला परवडला. पण या इन्व्हर्टरच्या प्रकरणात जी घाण बघितली, तिची शिसारी अजून जात नाही. आणि त्यातली थोडी माझीच आहे, तेही सांगतो.

गोष्ट मनुबाईची आहे. आटपाडीच्या पलीकडं माळावर तिची वस्ती. धनगराची बाई, साठी ओलांडलेली. नेमकं वय तिलाही ठाऊक नाही. बहात्तरच्या दुष्काळात शेळीएवढी व्हते, एवढाच तिचा हिशेब. तिच्या बापाची मेंढरं दर साली दिवाळी झाली की आमच्या पलूसकडच्या रानात खतासाठी बसायची. आठ-दहा रात्री मेंढरं रानात बसली की लेंडीखताचं काम व्हायचं. आमची आई त्यांना ज्वारी द्यायची, गूळ द्यायची, जुनं लुगडं द्यायची. मी तेव्हा तिच्याच वयाचा. ती खांद्यावर कोकरू घेऊन अनवाणी काट्यातनं चालायची आणि मी चपला घालून रडायचो, म्हणून मला चिडवायची. अशी आमची ओळख. पुढं मी फौजेत गेलो, तिचं लग्न झालं, पण दिवाळीनंतर मेंढरं यायची आणि ओळख टिकली. ती मला दादा म्हणते, मी तिला आक्का म्हणतो. वयानं कोण मोठं, ते दोघांनीही कधी तपासलं नाही.

तिचा नवरा वारला तेव्हा मुलगा विश्वजित सात वर्षांचा होता. दिरानं कळप वाटून मागितला. वाटून म्हणजे काय, स्वतःकडं मागितला. आता बाईमाणूस बाजार कसा करणार, असं चारचौघांत म्हणाला. आटपाडीच्या मेंढरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. त्या रुमालाखाली कधी बाईचा हात गेला नव्हता. मनुबाईनं पुढच्याच शनिवारी व्यापाऱ्याचा हात धरला, वर स्वतःचा पदर टाकला आणि बोटं दाबली. व्यापाऱ्यानं विंचू चावल्यासारखं तोंड केलं. तीन बाजारांत सगळ्या व्यापाऱ्यांना कळलं की या बाईची बोटं दाबून वाकत नाहीत. कळप तिच्याकडंच राहिला.

मेंढा पारखायची तिची एक रीत होती. रंग बघायची नाही, शिंगं बघायची नाही. मेंढ्याच्या कमरेत दोन्ही हात घालायचे, मागचे पाय जमिनीवरनं उचलायचे, आणि खाली ठेवून किंमत सांगायची. डोळं फसत्यात, हात फसत न्हाई, असं म्हणायची. त्या हातांवर तिनं पोराला वाढवला. पंधराव्या वर्षी तो सोनं गाळायच्या धंद्यात कोइमतूरला गेला. आमच्या विटा-आटपाडी भागातल्या घराघरांतलं एकतरी पोरगं या गलाईच्या धंद्यात कुठल्यातरी लांबच्या गावी असतंच. आता विश्वजितचं स्वतःचं दुकान आहे, बायको आहे, दुसऱ्या मजल्यावर घर आहे.

त्या घरी मनुबाई एकदा गेली होती. तीन आठवड्यांत वाळून परत आली. मी विचारलं कसं काय, तर म्हणाली की खाली पाय टेकवायला माती न्हाई, आन् दार उघडलं की समोर दुसऱ्याचं दार. त्यावर तिनं जे तोंड केलं ते मला नीट लक्षात आहे. नासकं दूध तोंडात गेल्यावर करतात तसं. परत जायचं नाव काढू नगा, म्हणाली.

पण तिला साखर निघाली. आधी गोळ्या, मग इन्सुलिनचं इंजेक्शन, सकाळ-संध्याकाळ. स्वतःच टोचून घ्यायची, मेंढरांना टोचायची सवय होतीच. वस्तीवर वीज नाही. खांब ओढ्याच्या अलीकडं संपतात आणि तिची वस्ती पलीकडं. म्हणून तिनं लिंबाच्या सावलीत एक मोठं मडकं पुरलं, त्यात ओली वाळू, वाळूत लहान गाडगं आणि गाडग्यात औषधाच्या बाटल्या. दोन वर्षं त्यावर निघाली. डॉक्टरही म्हणाले होते की बाई, हे चालतंय, पण उन्हाळ्यात फ्रीज असेल तर बरं.

हे गाडगं विश्वजितनं मोबाइलवर बघितलं आणि त्याला लाज वाटली. आईची काळजी वाटली असती तर मी काही बोललो नसतो. लाज वाटली. सोनं गाळणाऱ्या माणसाची आई औषध मडक्यात ठेवते, हे त्याच्या पाहुण्यांत पसरलं म्हणे. त्यानं फर्मान काढलं. अक्षय तृतीयेच्या आत वस्तीवर फ्रीज चालू झाला पाहिजे आणि उन्हाळाभर चालला पाहिजे. चालला तर आई तिथं राहील. नाही चालला तर मेंढरं विकायची आणि कोइमतूरला यायचं. वर पुन्हा वाद नाही.

त्यानं लहान फ्रीज पाठवला, पत्र्यावर टाकायला सोलरची दोन पॅनेलं पाठवली, दीडशे एएचची बॅटरी पाठवली. राहिला इन्व्हर्टर. मला फोन आला की मामा, तुमी आईबरोबर सांगलीला जावा, परवडंल असा घ्या पर चांगला घ्या, तुमच्याएवढं कळतंय कुणाला. एवढं ऐकल्यावर माझी छाती फुगली. आता ती छाती आठवली की मला थुंकावंसं वाटतं.

एसटीनं गेलो. तासगाव येईपर्यंत मनुबाई खिडकीतनं बाहेरच्या प्रत्येकाच्या शेळ्यांना नावं ठेवत होती. दुकान हळदीच्या पेठेच्या मागल्या अंगाला होतं. जिन्याच्या कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या, त्यावर देवाच्या फरशा चिकटवलेल्या, आणि फरशांवरही पिचकाऱ्या. आत काचा, एसी आणि उदबत्ती. दुकानदार ऋषिराज, पस्तिशीचा, अंगाला अत्तर. मनुबाईला मावशी म्हणाला आणि तिच्या भेगाळलेल्या पायांकडं अन् आपल्या फरशीकडं आळीपाळीनं बघत राहिला. मला तिथूनच परत फिरावंसं वाटत होतं. पण ऊन मी म्हणत होतं आणि दुसऱ्या दुकानात जायचा कंटाळा आला होता.

काय काय चालवायचं, त्यानं विचारलं. मी सांगितलं, लहान फ्रीज, दोन दिवे, एक पंखा, मोबाइल. त्यानं टेबलावर दोन इन्व्हर्टर मांडले. एक पांढरा, प्लॅस्टिकचा, लहानखुरा, प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे खांबावरच्यासारखी सलग वीज देणारा. दुसरा काळा, लोखंडी पेटीतला, दांडग्या अंगाचा, दीड केव्हीएचा, वर सूर्याचं चित्र. काळा दुप्पट ताकदीचा आणि वर हजारभरानं स्वस्त. कुठल्या कंपनीचा ते नाव मी आधी कधी ऐकलं नव्हतं. ऋषिराज म्हणाला, नवीन माल आहे, आपल्या भागात लय चालतोय.

मनुबाईनं विचारबिचार केला नाही. पदर खोचला, काळ्या पेटीखाली दोन्ही हात घातले आणि उचलून बघितली. खाली ठेवली. मग पांढरा एका हातानं उचलला आणि हसली. ह्यापरीस कोंबडी जड आस्ती, म्हणाली. आणि माझ्याकडं बघितलं.

आता माझी रीत ऐका. आमच्या धंद्यात जळकी मोटार भंगारात वजनावर जाते. वजन म्हणजे आत तांबं. ज्या मोटारीत तांबं जास्त, ती टिकते. हलकी मोटार आणली की मी गिऱ्हाइकाला उघडायच्या आधीच सांगतो की तुला फसवलंय. वीस वर्षं हेच सांगत आलो. तेव्हा मीही पेटी उचलली. खांद्यात कळ आली एवढी जड. समाधान वाटलं.

"जड म्हंजी तांबं, आक्का," मी म्हणालो. "ह्योच घ्या."

तिथं बिलं करायला एक बाई बसल्या होत्या, राजेश्वरीबाई म्हणून, पन्नाशीच्या, चष्मा नाकावर. त्या मान वर न करता म्हणाल्या की नुसता चालू ठेवला, काहीच जोडलं नाही, तरी किती खातो ते विचारून घ्या. ऋषिराजनं त्यांच्याकडं असं बघितलं की त्या पुन्हा बिलात शिरल्या. मनुबाईनं मला विचारलं की ह्या बाई काय म्हणत्यात. खरं सांगायचं तर मला नीट कळलंच नव्हतं. जनरेटर माहीत, मोटार माहीत, ट्रान्सफॉर्मर माहीत. सोलरच्या इन्व्हर्टरची रिकाम्या चालण्याची भूक ही भानगड मी कधी मोजली नव्हती. पण दुकानात, त्या अत्तरवाल्यासमोर, मला कळत नाही असं म्हणायचं? मी म्हणालो, बाई, मी वायंडिंग करत म्हातारा झालो, मला शिकवू नका. आणि पैसे द्यायला लावले.

दुसऱ्या दिवशी वस्तीवर जाऊन सगळं जोडलं. फ्रीज लावला तर त्याची मोटार घुंऽऽ करून कण्हायला लागली. चांगल्या विजेवर फ्रीज असा कण्हत नाही. मी मोटारवाला माणूस, मला झोपेत जरी तो आवाज ऐकवला तरी मी सांगीन की या मोटारीला सपक वीज मिळतेय, ती तापणार. हात लावला, तापलीच होती. आणि मी काय म्हणालो? नवीन हाय, बसल चार दिवसांत. मनुबाईनं पेटीला हळदकुंकू लावलं आणि मला गुळाचा चहा पाजला, स्वतः कोरा बिनसाखरेचा घेतला.

फ्रीजची बातमी माळावर पसरायला वेळ लागत नाही. आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं गार पाण्याला यायला लागली. येताना मोबाइल आणि वायर घेऊनच. इंजेक्शनच्या बाटल्यांच्या मागं दोघांनी बिअरच्या बाटल्या नेऊन लपवल्या. मनुबाईनं त्या बाहेर काढून धोंड्यावर फोडल्या आणि काचा त्यांच्याच हातानं वेचायला लावल्या. ते दोघं शेजारच्या वस्तीवरचे, बायकापोरंवाले. म्हाताऱ्या बाईच्या औषधाच्या कपाटात दारू गार करायची, याला काय म्हणायचं? मला तर नाव सुचत नाही.

पाचव्या दिवशी तिचा फोन. दुपारी चालतंय, दिवस मावळला की पेटी टीं टीं करती आन् फ्रीज बसतोय. मेंढरं बुजत्यात त्या आवाजानं. मी म्हणालो, बॅटरी नवी आहे, आठवडाभर घेईल. आठ दिवसांनी पुन्हा फोन, तेच. लग्नसराई होती, दुकानात जळक्या मोटारींची रास पडली होती, चाळीस किलोमीटर कोण जाणार? मी सांगितलं, माणसं सारखी दार उघडत्यात ना फ्रीजचं, त्यानं बॅटरी उतरत्या. दार बंद ठेवत जावा. तिनं दाराला सुतळी बांधली. माणसांना हाकलून दिलं. तिसरा फोन आला नाही, आणि मी मनात म्हणालो, बघ, सुटला प्रश्न.

वैशाखात तिच्या दिराच्या पोराचा, सूरजचा फोन आला. काकी मेंढरांच्या वाड्यापाशी पडली. मी जाईपर्यंत तिला विट्याच्या दवाखान्यात आणलं होतं. ओठ सुकलेले, श्वास धापा टाकल्यागत, साखर पाचशेच्या वर. डॉक्टरांनी बाटली हातात घेऊन विचारलं की हे कुठं ठेवत होता. मग म्हणाले की औषध उन्हानं मेलंय, बाई तीन आठवडे पाणीच टोचून घेत होत्या. पुढं दुपारीही बंद पडायला लागलेला फ्रीज, वर पत्रा, बाहेर बेचाळीसचं ऊन, आणि माझ्या शब्दावर दाराला सुतळी. लिंबाखालच्या गाडग्यात असतं तर औषध जगलं असतं.

त्याच दिवशी तिची लुगडी आणायच्या निमित्तानं मी वस्तीवर गेलो आणि काळी पेटी उघडली. चार स्क्रू. आत मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर, तोही ॲल्युमिनियमच्या तारेचा. तांबं औषधालासुद्धा नाही. आणि तळाला? तळाला लोखंडाची पाटी बोल्टनं आवळलेली आणि तिच्यावर सिमेंट ओतलेलं. सिमेंट! मी ती पेटी उचलून शाबास म्हणालो होतो ते सिमेंटला. फ्रीज, दिवे, सगळं काढून नुसती पेटी चालू ठेवली आणि मीटर लावला. तीन अँपियर. काही न चालवता तीन अँपियर. म्हणजे दीडशेच्या बॅटरीतलं निम्मं रोज ही पेटी एकटीच गिळत होती. पॅनेलनं दिवसभर उन्हातनं जमवायचं आणि हिनं बसल्या जागी खायचं, मग फ्रीजला काय उरणार? राजेश्वरीबाई जे विचारा म्हणाल्या ते हेच. तिथंच उकिडवा बसलो. मेंढरं वाड्याभोवती ताणलेल्या वाघरीच्या जाळीतनं माझ्याकडं बघत होती.

दवाखान्यात परतलो तेव्हा विश्वजितचा फोन चालू होता, सूरजनं स्पीकरवर धरलेला. तो गुरुवार होता. विश्वजित पलीकडनं विचारत होता की फ्रीज मी पाठवला, पॅनेल मी पाठवलं, मामांनी चांगला इन्व्हर्टर घेऊन दिला, मग औषध खराब झालंच कसं? मी दारात उभा होतो. मनुबाईनं माझ्याकडं बघितलं. माझ्या हाताला सिमेंट लागलेलं होतं ते तिनं बघितलं. तिला वाचता येत नाही, पण माणसाचं तोंड वाचता येतं.

"दार उघडं ऱ्हायलं माज्याकडनं," ती फोनला म्हणाली. "माजीच चूक."

माझीच थाप तिनं उचलली आणि स्वतःच्या अंगावर घेतली. का, ते मी तिला कधी विचारलं नाही. गावात लोक माझ्या शब्दावर मोटारी घेतात, पंप घेतात. तो शब्द तिनं वाचवला असणार. आणि मी? मी गप्प उभा राहिलो. घशापर्यंत आलं होतं. पण सूरज होता, नर्स होती, शेजारच्या खाटेवरचा माणूस माझं गिऱ्हाईक होता. पलीकडनं विश्वजित म्हणाला की मग झालंच की, आई, तुला फ्रीजचं दारसुद्धा सांभाळता येईना, मेंढरं काय सांभाळणार? सूरज, परवा शनिवार आहे, बाजार धर. मनुबाईनं भिंतीकडं तोंड केलं.

शुक्रवारी मी सांगलीला गेलो. आता लोक म्हणतील, शाबास, बाईसाठी भांडायला गेला. कसलं काय. खरं बोलायचं होतं ते विट्याच्या दवाखान्यात, पन्नास पावलांवर. ते जड होतं म्हणून मी सत्तर किलोमीटर लांब ओरडायला गेलो. ओरडायला कुणालाही जमतं.

काळी पेटी ऋषिराजच्या काचेच्या टेबलावर आपटली आणि झाकण उघडून सिमेंट दाखवलं. गिऱ्हाइकं बघायला लागली. तो जरासुद्धा शरमला नाही. मला बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून म्हणाला:

"मामा, तुमच्या वरच्या भागातली माणसं वजन बघून घेतात. हलका दाखवला की उठून जातात. तुम्हीही उचलूनच बघितला की. वजन मागता, मग आम्ही वजन देतो."

त्याचा तो मऊ, अत्तराचा हात माझ्या खांद्यावर. पाल पडावी तसा झटकला मी. दोन लगावून द्यायच्या म्हणून आलो होतो, पण हात वर होईना. त्याचं बोलणं हरामखोराचं होतं, पण उचलून बघितला होता हे खोटं कुठं होतं? या लोकांनी आमच्या मेंढरांच्या बाजाराचा आणि माझ्या भंगाराच्या काट्याचा अभ्यास करून ती पेटी बनवलीय. इतकी अक्कल चांगला माल बनवायला वापरली असती तर! पेटी परत घेतली त्यानं, पुढच्या कुणाच्या गळ्यात मारायला. वरचे हजार माझ्या खिशातनं घालून मी पांढरा, लहान, कोंबडीएवढा इन्व्हर्टर घेतला. राजेश्वरीबाईंनी बिल केलं आणि एवढंच म्हणाल्या की हा रिकामा अर्धा अँपियर खातो. मी त्यांच्या चष्म्याकडंसुद्धा बघू शकलो नाही.

शनिवारी सकाळी वस्तीवर पोचलो. वाडा रिकामा होता. टेम्पो पहाटेच गेला होता. वाघरीची जाळी गुंडाळून ठेवायचीसुद्धा सूरजनं तसदी घेतली नव्हती, जमिनीवर तशीच लोळत होती, लेंड्यांत. छत्तीस मेंढरं. मी काय केलं सांगू? इन्व्हर्टर जोडला. दुसरं काही येतच नाही मला. फ्रीज लावला, मोटार हळू, एकसारखी चालायला लागली. दिवस मावळला तरी चालूच. रात्री तिथंच पडलो, सकाळी उघडून बघितलं, बर्फ.

सोमवारी तिला घरी आणलं. जीपमधनं उतरली, वाड्याकडं बघितलं. आत जाऊन फ्रीज उघडला, नव्या बाटल्या ठेवल्या, दार लावलं. मग बाहेर आली आणि वाकून ती जाळी लेंड्यांतनं काढून झटकली, घडी घालून खुंटीला अडकवली. मी तिथंच होतो. पांढरी पेटी तिनं बघितली असणार, पण उचलून बघितली नाही.

दहा दिवसांनी विश्वजित आला आईला न्यायला. अंगात इस्त्रीचा शर्ट, गळ्यात साखळी. सूरजही होता, मेंढरं विकल्याचा तोरा तोंडावर. विश्वजितनं फ्रीज उघडून बघितला, आत बर्फ, बाटल्या गार. आता कसा चालतोय, त्यानं आईला विचारलं. दार बंद ठेवते आता, ती म्हणाली. तरीपण गाठोडं बांध, तो म्हणाला, आज चालतोय, उद्या पुन्हा विसरशील. ती उठली आणि लुगड्यांच्या घड्या घालायला लागली.

तेव्हा माझं तोंड उघडलं. फार शूर म्हणून नाही. त्या घड्या बघवेनात म्हणून.

"ती काय विसरली न्हाई," मी म्हणालो. "इन्व्हर्टर खोटा व्हता. म्या निवडला. उचलून बघितला आन् तांबं हाय म्हणून सांगितलं. दुकानातल्या बाईनं सावध केलं तर तिला गप्प केलं. आक्कानं दोनदा फोन केला तर म्याच दाराची थाप मारली. तिच्याकडनं कायबी चुकलं न्हाई."

सूरज पायातल्या बुटाकडं बघायला लागला. विश्वजित माझ्याकडं वळला. मला वाटलं शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मामा," तो हळू म्हणाला, "गुरुवारी तुमी दवाखान्यात व्हता. तवा बोलला असता तर शनिवारचा बाजार झाला नसता."

मग आईकडं वळला. तू हितंच ऱ्हा, म्हणाला. तिच्या हातातली घडी त्यानंच सोडवून परत दांडीवर टाकली. शब्द दिला होता तो पाळला, एवढं त्याला मानलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी एकटाच गेला.

मनुबाई वस्तीवरच आहे. जे मागत होती ते तिला मिळालं, माळ मिळाला, पायाखाली माती मिळाली. मेंढरं नाहीत. साठीच्या बाईनं पुन्हा छत्तीस कुठनं उभी करायची? सकाळी सवयीनं उठते, वाड्यापर्यंत जाते आणि उगीच लिंबाखाली बसते. लोक मला सांगतात की अहो, बाई आता सुखात आहे, घरात फ्रीज आहे. असं बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघायलाही मला नको वाटतं.

गेल्या महिन्यात बॅटरीचं पाणी बघायला गेलो. पाणी घातलं, तारा पुसल्या, व्हॅसलीन लावलं. हात धुऊन ओट्यावर बसलो. तिनं फ्रीजमधलं गार पाणी आणून दिलं. आमच्या रानात मेंढरं बसवली, आईचं लुगडं नेसली, त्या दिवसांपासून आजपर्यंत मी तिचं कितीतरी काम केलं असेल, तिनं माझं केलं असेल, आणि आमच्यात कधी मजुरीचा शब्द निघाला नव्हता. पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला, तर ती कनवटीची पिशवी सोडत उभी होती.

"मजुरी किती झाली, मिस्त्री?" तिनं विचारलं.